पायरीवरचे जांभळे बूट

माझा नवरा रोज दाराला कुलूप लावण्याआधी बूट मोजतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. लग्नाला वीस वर्षं झाली, मीही हसतच आले. एडिनबराच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराशी एक लाकडी रॅक आहे. सुहास त्याच्यासमोर उभा राहतो, माझे, त्याचे, सुट्टीत आली असेल तर आमच्या लेकीचे, तनयाचे, असे जोड बोटानं मोजतो आणि मगच किल्ली फिरवतो. त्याची आई, शांताबाई, नागपूरहून आल्या की मोजणीत आणखी एका जोडाची भर पडते. आईंचा जोड तो नुसता मोजत नाही, हात लावून बघतो. एकदा भिजले म्हणून आईंनी आपले बूट दाराबाहेर जिन्यात वाळत ठेवले होते. कधी आवाज न चढवणारा हा माणूस त्यांच्यावर असा काही ओरडला की शेजारचं दार उघडलं. आईंनी मुकाट्यानं बूट आत घेतले. मला वाटलं, चोरांची भीती. आईंचे वेल्क्रोचे जांभळे बूट पळवणारा चोर काही माझ्या डोळ्यांसमोर येईना, पण मी गप्प बसले.

खरं सांगायचं तर सुहास घाबरण्याचाच पगार घेतो. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तो सेफ्टी ऑफिसर आहे. कुणाचा पाय कुठे घसरेल, कुठली वायर कुणाच्या गळ्यात येईल, ह्याचे फॉर्म भरणं हे त्याचं काम. गळणारा नळ दिसला की त्याला मोडलेलं हाड दिसतं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला गेलो की हा आधी इमर्जन्सी एक्झिट शोधतो आणि मग बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो. आमच्या घरात प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म आहे. फोडणी जरा जास्त तापली की सगळे एकदम कोकलतात, आणि तो समाधानानं म्हणतो, "चालू आहेत."

त्याची दुसरी भीती म्हणजे बाटली. त्याचे वडील, बबनराव, मोहाच्या दारूत गेले. हे त्यानं मला लग्नाआधीच सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि त्यापुढे कधी काही नाही. आई पक्क्या धम्माच्या. रोज सकाळी त्रिशरण, पंचशील, आणि नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला आवाज किंचित चढतो. वस्तीतल्या बायकांना घेऊन त्यांनी हातभट्टीची मडकी फोडली होती, असं नागपूरचे लोक अजून सांगतात. त्यामुळे आईंसमोर दारूचं नाव नको, वास नको, चित्रही नको, असा सुहासचा कायदा. सुपरमार्केटमध्ये वाइनची रांग आली की तो आईंना कोपराला धरून बिस्किटांकडे वळवतो. मी म्हणायची, "अरे, त्यांना सगळं दिसतं." तो म्हणायचा, "तुला माहीत नाही."

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आईंचे सहा महिने भरत आले होते, मंगळवारचं विमान होतं. त्यांच्या विहारातल्या महिला मंडळासाठी काहीतरी न्यायचं होतं आणि एडिनबराच्या दुकानांतल्या किल्टवाल्या बाहुल्या आईंना पसंत नव्हत्या. मी इंटरनेटवर एक दुकान शोधून काढलं. वर डोंगरांत, अडीच तासांवर, बॅलनाशी नावाच्या गावात. एका कॅनडाच्या बाईनं इथल्या माणसाशी लग्न करून थाटलेलं. तिकडच्या चित्रकारांची बर्फाच्या डोंगरांची चित्रं, लाकडात कोरलेली अस्वलं, मेपलच्या गोळ्या आणि हातानं शिवलेल्या गोधड्या. गोधड्या बघितल्या आणि मी ठरवलंच. कारण आईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. सुहासला शिकवलंय त्या गोधड्यांवर.

त्या दुकानात कॅनडाची व्हिस्कीसुद्धा मिळते, हे मी सुहासला सांगितलं नाही. मला वाटलं, असेल कुठेतरी मागच्या फळीवर.

ती होती थेट काचेत. आम्ही शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला बॅलनाशीला पोचलो. एकच मोठा रस्ता, एका बाजूला दुकानं, दुकानांच्या मागे नदी, आणि सगळ्यावर ढगात डोकं खुपसलेले डोंगर. दुकानाच्या काचेत डावीकडे चित्रं, उजवीकडे एक निळी-पांढरी गोधडी टांगलेली, आणि मधोमध सोनेरी बाटल्या, पायऱ्या पायऱ्यांनी मांडलेल्या. सुहासनं ते बघितलं आणि रस्ता ओलांडायला लागला, अर्थात आईंचा कोपर धरून. समोरच्या बाकावर त्यांना बसवलं आणि माझ्याकडे वळला.

"कल्याणी, तुला माहीत होतं?"

"दुकान आहे ते, सुहास, पब नाही. आत चित्रं आहेत."

"प्लीज. नॉट टुडे. तीन दिवसांनी जायचीय ती."

आईंना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही बाकापासून दूर गेलो आणि दबक्या आवाजात भांडलो. दबक्या आवाजातलं भांडण फार लांबतं. मी म्हणाले, तू तुझी भीती त्यांच्यावर लादतोस. तो म्हणाला, तू पुण्यातली, तुला काय कळणार दारूचं घर. हे मला लागलं. मी पाय आपटत कोपऱ्यावरच्या कॅफेत गेले, तिघांसाठी चहा सांगितला आणि रांगेत उभी राहून त्याला मनातल्या मनात आणखी चार गोष्टी सुनावल्या. तो आईंजवळ आहे असं मी गृहीत धरलं. तो पार्किंगची वेळ वाढवायला गेला होता. मी आईंजवळ आहे असं त्यानं गृहीत धरलं होतं.

चहाचे तीन कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

पहिली पाच मिनिटं मी घाबरले नाही. टॉयलेटला गेल्या असतील. टॉयलेट चर्चच्या शेजारी होतं, तिथे बघितलं, आत हाका मारल्या. एका अनोळखी बाईनं आतून "नो, लव्ह" असं उत्तर दिलं. तेवढ्यात सुहास समोरून आला आणि माझ्या हातातले कप बघून म्हणाला, "आई कुठाय?"

मी म्हणाले, "तुझ्याबरोबर ना?"

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मी कप भिंतीवर ठेवले, ते लवंडले, आणि आम्ही दोघं दोन दिशांना पळालो.

आईंना इंग्रजी येत नाही. 'थँक्यू' आणि 'नो प्रॉब्लेम', दोनच शब्द. फोन गाडीत चार्जिंगला लावलेला. वय चौऱ्याहत्तर. अंगावर हिरवं नऊवार आणि त्यावर माझा जुना काळा कोट. अशी बाई त्या गावात शंभर पावलं चालली तरी कुणीतरी बघणारच, असं मी स्वतःला सांगत होते. लोकरीच्या दुकानात विचारलं, नाही. बेकरीत, नाही. बस थांब्यावर दोन म्हातारे होते, त्यांनी टोप्या काढून विचार केला, नाही. चर्चमध्ये फुलं लावणारी बाई माझ्याबरोबर दारापर्यंत आली आणि म्हणाली, नदीकडे बघितलं का? काल रात्रभर वर पाऊस झालाय. ती चांगल्या मनानं म्हणाली असेल. पण मी तिचे आभार न मानताच पळाले.

पाऊण तास झाला. डोंगरावरचा ढग खाली रस्त्यापर्यंत आला. सुहास रस्त्याच्या मधोमध उभा राहून "आई! आई!" असं ओरडत होता. गाड्या त्याच्याभोवतून जात होत्या. रस्ता ओलांडताना दोनदा डावीउजवीकडे बघणारा माणूस! त्याला मी फुटपाथवर ओढून आणलं. मीच पोलिसांना फोन केला.

एक पोलीस बाई आली, तिशीची, केस घट्ट बांधलेली, शांत. तिनं सगळं लिहून घेतलं. आजार? गोळ्या? हल्ली उदास होत्या का? सुहासनं ह्या शेवटच्या प्रश्नावर मान खाली घातली. मी म्हणाले, नाही, मुळीच नाही. घरी परत जायचं म्हणून जरा गप्प असतात, एवढंच. तिनं तेही लिहून घेतलं. मग पेनानं समोर दाखवून तिनं विचारलं, "त्या कॅनडावाल्या दुकानात बघितलंत?"

"शी वुड नेव्हर गो इन देअर," सुहास म्हणाला.

"नेव्हर," मी म्हणाले. "आई दारू विकणाऱ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. धर्माचा प्रश्न आहे."

त्या दिवसात आमचं दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. पोलीस बाईनं मान डोलावली आणि दुकानावर काट मारली.

मग ती म्हणाली की आपण मागच्या बाजूला, नदीच्या वाटेनं जाऊ. चर्चशेजारच्या बोळातून आम्ही मागे गेलो. तिथे नदी दिसायच्या आधी ऐकू आली. पाणी तपकिरी, वर फेस, मधूनच एखादा ओंडका गरगरत जात होतं. दुकानांच्या पाठी नदीकडे होत्या. प्रत्येक घराला मागचं दार, छोटं अंगण आणि तिथून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. खालच्या दोन-तीन पायऱ्या पाण्यात बुडालेल्या. मी एकेक अंगण बघत चालले होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. नंतर लक्षात आलं, मी 'बुद्धं सरणं' म्हणत होते. एरवी मला ते पूर्ण म्हणायचाही कंटाळा.

चौथ्या अंगणात सगळ्यात वरच्या पायरीवर आईंचे बूट होते.

जांभळे. शेजारी शेजारी, टाचा जुळवलेल्या, वेल्क्रोच्या पट्ट्या लावलेल्या, आत मोजे घडी घालून ठेवलेले. आई असेच ठेवतात. पोलीस बाईनं माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली. ती दोन पावलं बाजूला जाऊन वायरलेसवर बोलायला लागली. मला त्यातला 'वॉटर' एवढाच शब्द कळला.

सुहास बुटांसमोर बसला. ओल्या दगडावर, मांडी घालून, जेवायला बसावं तसा.

"विहिरीवरपण असेच होते," तो म्हणाला.

"काय?"

"मी नऊ वर्षांचा होतो. बाबांनी आदल्या दिवशी तिला फार मारलं होतं. सकाळी उठलो तर घरात नाही. वस्तीच्या विहिरीवर गेलो. पायऱ्यांची विहीर होती, वरच्या पायरीवर तिच्या चपला. अशाच. शेजारी शेजारी." तो बोलत होता आणि बोटानं बुटाची पट्टी उघडत होता, लावत होता. "मी वाकून बघितलं नाही, कल्याणी. मला बघवेना. मी पळालो. घरामागे जाऊन बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. मग ती आली, चपला घालून, आणि भात टाकला. मी कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही."

वीस वर्षं रोज तो रॅकसमोर उभा राहायचा आणि मी आतून ओरडायची, "झाली का मोजदाद?" मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की नदीचा आवाजही ऐकू येईना.

तो उठला, आणि मला काही कळायच्या आत पायऱ्या उतरून पाण्यात गेला. गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. वाकून, दोन्ही हात पाण्यात घालून तो चाचपत होता. ज्यानं कधी स्विमिंग पूलच्या काठावरून पाय सोडले नाहीत तो माणूस! मी धावले, त्याच्या जॅकेटची टोपी धरली आणि मागे रेलले. पोलीस बाई ओरडत आली, तिनं त्याचा पट्टा धरला. आम्ही दोघींनी त्याला ओढून वर घेतलं. तो सारखा म्हणत होता, "बघू दे. ह्या वेळी बघू दे मला."

आम्ही तिघं अंगणात कोसळलो. माझा गाल फरशीला टेकला होता आणि डोळ्यांच्या रेषेत आईंचे बूट होते. त्यांच्या पलीकडे, दाराच्या अगदी कडेला, छपराखाली, आणखी एक जोड होता. उंच रबरी बूट. चिखलानं माखलेले, त्यावर पिवळी फुलं छापलेली. तेही शेजारी शेजारी, टाचा जुळवून.

स्कॉटलंडमध्ये इतकी वर्षं काढली. माझ्या घरी येणारा इथला माणूस चिखलाच्या बुटांनिशी गालिच्यावर येतो आणि मी सांगितलं की ओशाळतो. आपणहून दाराबाहेर बूट काढणारी बाई मी ह्या देशात बघितलेली नाही. मग हे कुणाचे? जीव द्यायला दोघी बरोबर गेल्या?

मी उठून ते दार ढकललं. उघडंच होतं. आत लाकडी जिना, वरून ऊब येत होती आणि शिलाई मशीनचा आवाज. मी जिना कसा चढले मला आठवत नाही.

वर मोठी खोली होती. शेगडी पेटलेली. खोलीभर जमिनीवर एक अर्धवट गोधडी पसरलेली, निळे आणि पांढरे तिकोनी तुकडे, डोंगरांसारखे. आणि त्या डोंगरांच्या मधोमध आई बसल्या होत्या. अनवाणी, नऊवाराचा काष्टा आवरून, तोंडात दोऱ्याचं टोक, कपाळावर स्वतःचा नव्हे तर कुणाचा तरी चष्मा. मशीनपाशी पांढऱ्या केसांची एक बाई होती, तीही अनवाणी.

"आली का बाप्पा!" आई म्हणाल्या. "मी कवाची म्हणतो, अजून काहून नाही आले. पाह्य, हिचे टाके पाह्य. बोटभर लांब. धावदोरा असा असते का?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. हसायला येत होतं की रडायला ते कळत नव्हतं, दोन्ही आलं.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं, म्हणजे कॅनडावाल्या दुकानाच्या मालकीण मार्गोनं, भराभर सांगितलं. आई काचेतली गोधडी बघत उभ्या होत्या. मग आत आल्या, गोधडीची उलटी बाजू बघितली आणि मान हलवली. तेव्हा मार्गोनं त्यांना अंगणातून वर कामाच्या खोलीत आणलं. कॅनडात तिच्या घरी कुणी बूट घालून आत येत नाही, म्हणून तिनं खाली बूट काढले, तर आईंनी तिच्याआधी काढलेले. खाली काउंटरवरच्या मुलीला तिनं बजावून ठेवलं होतं, की ह्यांची माणसं शोधत आली तर लगेच वर पाठव. पण कुणी आलंच नाही.

कुणी आलंच नाही. सगळं गाव पालथं घातलं, नदीत उतरलो, आणि त्या एका दुकानात तेवढं विचारलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. सुहास दारात उभा राहिला. कमरेपासून खाली पाणी गळत होतं. त्याच्या मागे पोलीस बाई. तो आईंकडे नुसता बघत राहिला, आणि मग सरळ त्यांच्याकडे निघाला.

"बूट काढ!" आई ओरडल्या. "गोधडीवर पाय देतं का, भैताड! पांढरा कपडा आहे तो!"

तो थांबला. दारातच खाली बसला आणि बूट काढायला लागला. नाडी सुटेना. मग नाडी सोडून तसाच ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, मोठ्यानं. मी त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. आईंनीसुद्धा नसावं. त्या सुई खोचून उठल्या.

मार्गो धावत खाली गेली आणि वर आली ती एक सोनेरी बाटली आणि छोटा पेला घेऊन. नदीतून निघालेल्या माणसाला ह्या डोंगरांत हेच देतात. तिनं पेला त्याच्यापुढे धरला. सुहासचं रडणं एकदम बंद झालं. तो आईंच्या तोंडाकडे बघायला लागला, नऊ वर्षांच्या पोरासारखा.

आईंनी शांतपणे मार्गोच्या हातातून बाटली घेतली. उजेडात धरली. बूच काढून वास घेतला, पेल्यातलं परत बाटलीत ओतलं, एक थेंब न सांडता, आणि बूच लावून तिला दिली. "थँक्यू," त्या तिला म्हणाल्या. मग मला, "तिले सांग, बाटली सुंदर आहे, पण आमच्यात नाई चालत. चहा मांड म्हणा."

"आई, तू ह्या दुकानात आलीस?" सुहास म्हणाला. "बाटल्या दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना. आंधळी आहे का मी? गोधडीही दिसली." त्यांनी कोटानं त्याचं धुक्यानं ओलं झालेलं डोकं पुसायला घेतलं. "बाटलीले मी कायले भिऊ? तुह्या बापाले सतरा वर्षं उचलून आणलं मी. भेतं तू. मले मालूम आहे. म्हणून तू वळवतं तिकडं मी वळतो."

पोलीस बाई खिडकीशी जाऊन हळू आवाजात वायरलेसवर सगळं मागे घेत होती. मार्गो चहाला गेली. सुहासनं आईंचा हात डोक्यावरून काढून धरला.

"आई, त्या दिवशी विहिरीवर तू चपला काढल्या होत्यास."

आईंचा हात थांबला. खाली नदीचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, नको, नको विचारू, आत्ता सापडल्यात त्या. मला त्या उत्तराची जितकी भीती वाटली तितकी नदीचीही वाटली नव्हती.

"तू पाह्यलं होतं?" आई म्हणाल्या.

"चपला पाहिल्या. तुला नाही. मी वाकून बघितलं नाही आई. पळालो."

आई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गोधडीच्या कडेला, पाय दुमडून.

"उडी माराले गेली होती," त्या म्हणाल्या. कांदे आणायला गेले होते म्हणावं तशा. "चपला नव्या होत्या. गोधड्या शिवल्याच्या पैशातून घेतल्या होत्या मी, माह्या कष्टाच्या. म्हटलं, पाण्यात कायले बुडवा, कोणाच्या तरी कामी येतील. म्हणून वर ठेवल्या, अन् खाली उतरली. खालच्या पायरीवर बसली. लय वेळ बसली. पण मन लागे ना. सारखं वाटे, वर चपला आहेत, कोणी नेल्या तर? कोणती बाई माह्या चपला घालून माह्याच वस्तीतून फिरेल? म्हणून पाहाले वर आली. होत्या. घातल्या. मग पायात चपला आल्यावर घरी आली."

सुहासनं अडलेली नाडी सोडवून बूट बाजूला ठेवले.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मी पण," आई म्हणाल्या. "हाक मारली असती तर ओ दिली असती रे." आणि त्याच्या भिजलेल्या विजारीवर हात फिरवून त्यांनी खिडकीतून खाली नदीकडे बघितलं. तो कुठून भिजून आलाय ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "एवढ्या पाण्यात उतरला तू?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही रडू आवरेना.

चहा आला, तो आम्ही पाचही जणांनी जमिनीवर बसून घेतला, पोलीस बाईनंसुद्धा, बूट काढून. निघताना आईंनी खालच्या दुकानात बाटल्यांसमोरून सरळ चालत जाऊन महिला मंडळासाठी मेपलच्या गोळ्या घेतल्या आणि विहारासाठी बर्फाच्या डोंगराचं एक छोटं चित्र. सुहास त्यांच्या मागून चालत होता. कोपर न धरता.

मंगळवारी आईंनी एअरपोर्टला जाताना मोज्यांवर आपल्या जुन्या चपला चढवल्या. जांभळे बूट रॅकवरच होते. सुहास म्हणाला, "आई, बूट राहिले." आणि पिशवीत घालायला उचलले.

"राहू दे इथीच," आई म्हणाल्या. "पायताण जिथी ठेवलं तिथी मी वापस येतो. तुले मालूम आहे आता."

संध्याकाळी एअरपोर्टवरून आल्यावर तो रॅकसमोर उभा राहिला. मी आतून काही ओरडले नाही, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझे, त्याचे, आईंचे. आम्ही दोघांनी मोजले, आणि मी किल्ली फिरवली.